दातांचे दफ्तर : इनामगाव ते जासई

१/१८
पनवेलहून उरणकडे जाताना लागणारे जासई हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे परिचित असते. जमिनीच्या त्या लढ्याची नोंद सातबाऱ्यावर, सरकारी अधिसूचनांत आणि हुतात्म्यांच्या स्मारकावर सापडते. परंतु जमीन हातची गेली की ताटातले अन्न बदलते आणि अन्न बदलले की त्याचा परिणाम दातांवर होतो. ही नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही, ती माणसाच्या तोंडात होते. अन्न, पेय आणि दात यांच्या काही हजार वर्षांच्या नात्याचा हा धागा. आरंभ दूरच्या उत्खननांतून होईल आणि शेवट जासईत.

२/१८
पुरातत्त्वज्ञ दातांना इतके महत्त्व का देतात? दातावरचे इनॅमल हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. मांस कुजते, हाडे झिजतात, दात मात्र हजारो वर्षे मातीत टिकतात. त्यांचे दुसरे वैशिष्ट्य अधिक मोलाचे आहे. हाड मोडले तर जुळते. इनॅमल एकदा तयार झाले की शरीर ते पुन्हा घडवत नाही. बालपणी दात घडत असताना उपासमार झाली किंवा मोठे आजारपण आले, तर इनॅमलवर आडव्या खाचा उमटतात आणि त्या मरेपर्यंत तशाच राहतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलाचा उपासाचा काळ आजही त्याच्या दातावर वाचता येतो.

३/१८
मराठीत आपण आजही ‘दात किडला’ म्हणतो. या शब्दामागे एक प्राचीन समजूत आहे. दातात किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, असे बॅबिलोनपासून भारतापर्यंत मानले जाई. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ हा रोग सांगितला आहे. १७२८ मध्ये फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने आपल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली आणि साखरेकडे बोट दाखवले. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने खरी प्रक्रिया मांडली: तोंडातील जिवाणू अन्नातील साखर आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते. कीड खरीच निघाली. फक्त ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

४/१८
ही प्रक्रिया नीट समजून घेतली तर पुढचा सारा इतिहास उलगडतो. तोंडातील आम्लता मोजणारा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट सुटू लागतात. गोड घास घेतल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो. मग लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिजे दाताला परत मिळू लागतात. याला अर्धा ते एक तास लागतो. रॉबर्ट स्टीफन याने १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला. म्हणजे किती गोड खाल्ले याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न असा की दिवसातून किती वेळा खाल्ले. लाळेला उसंत मिळाली नाही की दात हरतो.

५/१८
आता भूतकाळाकडे. बलुचिस्तानातील मेहरगढ हे दक्षिण आशियातील शेतीच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक. तेथील दफनांत नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके आढळली. त्यांचा काळ आजपासून ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीचा. भोकांच्या कडा झिजलेल्या होत्या, अर्थात छिद्र पाडल्यानंतरही ती माणसे जगली आणि त्याच दाढांनी चावत राहिली. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गहू आणि जव पिकवू लागलेल्या या समाजात दातांच्या दुखण्यावर हात चालवणारे कुशल कारागीर होते, असे त्यावरून दिसते.

६/१८
शेती आणि दंतक्षय यांचे नाते जगभर आढळते. क्रिस्टी टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये अनेक प्राचीन व आधुनिक समाजांची आकडेवारी एकत्र केली. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत किडलेल्या दातांचे सरासरी प्रमाण सुमारे १.७ टक्के होते. शिकारीला शेतीची जोड असलेल्या समाजांत ते ४.८ टक्के, तर पूर्णतः शेतीवर जगणाऱ्यांत ८.६ टक्के निघाले. धान्य शिजवून मऊ केले की त्यातील पिष्ट दातांना चिकटून राहते. शेतीने माणसाला कोठार दिले, गाव दिले आणि त्याबरोबर दाढदुखीही दिली.

७/१८
हडप्पा येथील दफनांतील दातांचा अभ्यास जॉन ल्युकॅक्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे ६.८ टक्के दात किडलेले आढळले. त्यातही स्त्रियांचे दात पुरुषांपेक्षा अधिक बिघडलेले होते. २००८ मध्ये ल्युकॅक्स यांनी याची कारणे व्यापक पातळीवर मांडली. शेती आल्यावर समाज स्थिरावला, बाळंतपणे वाढली. गरोदरपणात लाळेचे प्रमाण आणि घटक बदलतात, थोडे थोडे खाणे वाढते. शिवाय रांधणाऱ्या हातांचे खाणेही दिवसभर विखुरलेले. ‘दर मुलामागे एक दात’ अशा अर्थाची म्हण युरोपात आहे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते हा समज चुकीचा; पण म्हणीमागचा अनुभव खोटा नव्हता.

८/१८
दातांवरचे कीटणही दफ्तरच आहे. लाळेतील खनिजांनी थर कठीण होत जातो आणि अन्नाचे सूक्ष्म कण त्यात अडकून राहतात. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेथील मानवी दात आणि स्वयंपाकाची भांडी तपासताना अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांना हळद आणि आले यांचे पिष्टकण सापडले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या जेवणाची चव कोणत्याही शिलालेखाने सांगितली नसती. ती न घासलेल्या दातांनी सांगितली.

९/१८
महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण इनामगावचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे वस्ती होती. लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. पाण्यासाठी कालवा होता, धान्याचे कोठार होते. मृत बालकांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या कुंभांमुळे इवल्याशा दुधाच्या दातांचा मोठा संग्रह अभ्यासकांच्या हाती आला.

१०/१८
ल्युकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा व दातांचा बारकाईने अभ्यास केला. झीज, कीड, बालपणातील ताणाच्या खुणा असे सारे नोंदवले. प्राचीन दातांची झीज आपल्याला चकित करते. दगडावर दळलेल्या पिठात दगडाची कच मिसळे आणि भरड अन्न खूप चावावे लागे, त्यामुळे दाढांचे उंचवटे सपाट होत. मात्र या झिजेचा एक अनपेक्षित लाभही होता. दाढेवरच्या ज्या खोल घळींत अन्न अडकून कीड लागते, त्या घळीच घासल्या जात. आपल्या मऊ अन्नाने दाढ झिजवणे थांबवले आणि घळी शाबूत ठेवल्या.

११/१८
इ.स.पू. १००० च्या सुमारास इनामगाव बदलू लागले. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडे होत गेले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, शिकार वाढली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी येथील बालकांचे वय दातांच्या वाढीवरून ठरवले आणि त्याची तुलना हाडांच्या वाढीशी केली. उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटलेली आढळली. या गावातील कोणीही ‘आता गहू कमी खाऊ या’ असा आहारविचार केला नव्हता. पाऊस, जमीन आणि कोठार यांनी त्यांच्यासाठी निवड केली होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा. जासईला पोहोचल्यावर तो पुन्हा उपयोगी पडेल.

१२/१८
यानंतरचे मोठे वळण साखरेचे, आणि ते भारतातूनच सुरू झाले. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि इंग्रजीत शुगर झाली. ‘खंड’ या शब्दातून कॅन्डी आली. युरोपात ती प्रथम राजवाड्यांत पोहोचली. १५९८ मध्ये जर्मन प्रवासी पॉल हेंट्झनर याने इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला पाहिले. तिचे दात काळे असल्याची नोंद त्याने केली आणि त्याचे कारण अतिरिक्त साखर असे दिले. त्या काळी किडके दात हे श्रीमंतीचे लक्षण ठरले. पुढे कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमांतून साखर स्वस्त झाली आणि हे लक्षण गरिबांकडे सरकले. इंग्रज गिरणी कामगाराला गोड चहाने स्वस्तात उष्मांक पुरवले, हे सिडनी मिंट्झ यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे.

१३/१८
आपल्याकडे सामान्य घरात दीर्घकाळ गूळच असे आणि गोड पदार्थ सणावाराला होत. ‘तोंड गोड करणे’ हा वाक्प्रचार प्रसंगाशी बांधलेला आहे. रोज कोणी तोंड गोड करत नसे. गूळ दातांना निरुपद्रवी होता असे मात्र नाही. जिवाणूंना गूळ आणि साखर सारखीच प्रिय. फरक वारंवारतेचा होता. स्वीडनमधील विपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतरच्या काही वर्षांत याचीच चाचणी झाली. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना त्यांच्या संमतीविना चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या आणि त्यांचे दात किडले. जेवणाच्या मधल्या वेळी खाल्लेले चिकट गोड सर्वाधिक घातक, हा १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आज जग वापरते. तो कोणाच्या दातांवर मिळवला, हेही विसरू नये.

१४/१८
महाराष्ट्रात सणाचे गोड रोजचे कसे झाले? विसाव्या शतकात कालव्यांबरोबर ऊस पसरला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून अनेक कारखाने उभे राहिले. दुसरीकडे १९३० च्या दशकापासून चहाच्या व्यापारी मंडळांनी रेल्वे स्थानके, बाजार आणि गिरण्यांत चहाचा पद्धतशीर प्रचार केला. पाळीच्या मधल्या सुट्टीत गोड चहा हा कामगाराच्या दिवसाचा भाग झाला. चहाला पुढे बिस्किटाची जोड मिळाली. साखरेचे प्रमाण तर वाढलेच, पण ती दिवसभरात विखुरली गेली. स्टीफन आणि विपेहोल्मचे निष्कर्ष आठवले की याचा अर्थ स्पष्ट होतो.

१५/१८
आता जासई. खाडीकाठचा हा मुलूख भातशेतीचा, खाजणाचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा. आगरी व कोळी घरांत तांदळाची भाकरी, भात, खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी आणि पावसाळ्यासाठी राखलेली सुकट व बोंबील असा आहार असे. तांदळातही पिष्ट आहेच. पण जेवणात खाल्लेला भात साखरेइतका दात पोखरत नाही. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी कॅल्शियम देते. या ताटाला सुवर्णयुग मानण्याचे मात्र कारण नाही. कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकार पिकाचा मोठा वाटा नेत असत. त्याविरुद्ध १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यात सुरू झालेला चरीचा संप सहा वर्षे चालला. भात पिकवणाऱ्याच्या घरी पोटभर भात असेच असे नाही.

१६/१८
१९४९ च्या कायद्याने खोती संपली. कसणाऱ्याला जमीन आणि ताट आपले वाटू लागते न लागते तोच १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व प्रस्थापित झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू जासईच्या शेजारी चिर्ले येथे जमिनीला टेकतो.

१७/१८
मोबदल्याच्या हिशेबात शेताची किंमत धरली जाते. शेताबरोबर गेलेल्या आहाराची धरली जात नाही. भाताचे खाचर म्हणजे वर्षाचे धान्य होते, बांधावरची भाजी होती आणि खाडीची उघाडी म्हणजे संध्याकाळचे कालवण होते. ते गेल्यावर ताट दुकानातून भरू लागते. कंटेनर यार्डांच्या रस्त्यावर पाळीत काम करणाऱ्या माणसाला टपरीवर सर्वांत सहज काय मिळते? गोड चहा, बिस्किटाचा पुडा, शीतपेय. शीतपेयात साखर तर असतेच, शिवाय ते मुळातच आम्ल असते. ज्याच्या हाती रोख आहे पण जेवणाची निश्चित वेळ नाही, त्याची लाळ दिवसभर लढत राहते. इनामगावात पावसाने जे केले, ते येथे रस्त्यांनी आणि बाजाराने केले.

१८/१८
जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांहून कमी असावी. २०२२ च्या तिच्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखरोग आहेत. सल्ला योग्यच आहे: गोड खायचे तर जेवणासोबत खावे, मधल्या वेळी पाणी प्यावे, रात्री दात घासूनच निजावे. पण इतक्या लोकांनी एकाच वेळी चुकीची निवड केली, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मानू नये. मेहरगढची दाढ, हडप्पाच्या स्त्रिया, इनामगावची बालके, विपेहोल्मचे रुग्ण आणि जासईच्या टपरीवरचा कामगार यांच्यापुढे काय वाढले जाईल, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी ठरवले. खाडीकाठच्या गावांतल्या आजी-आजोबांना जुन्या जेवणाच्या वेळा आणि पदार्थ अजून आठवतात. त्या आठवणी त्यांच्याकडून विचारून टिपून ठेवल्या, तर सातबाऱ्याने न लिहिलेला इतिहास हाती लागेल. लेखनसीमा.